गेरूचे पट्टे

माणिकरावांना मीच बुडवलं, हे आधीच सांगून टाकतो.

गंगाखेडच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. त्यांना एकच वेड, किड्याला हालचाल कळते कशी? म्हणायचे, "आबासाहेब, किड्याच्या डोळ्यात शेजारीशेजारी दोन टिपके धरा. पहिल्याची खबर जरा थांबून निघती, दुसऱ्याची लगेच. दोन्ही एकाच वक्ताला पोचल्या, की त्याला कळतं, कायतरी इकडून तिकडं चाललंय." यावर त्यांनी वह्याच्या वह्या गणितं मांडली होती. मी चेष्टा करायचो, "किड्यापायी घरी जेवायला तरी जाता का?"

१९५७ च्या दसऱ्यानंतर हैदराबादचे एक प्रोफेसर प्रयोग बघायला येणार होते. गणित खरं ठरलं, तर माणिकरावांना तिकडं संशोधनाला बोलावणार होते. शेणातला भुंगेरा पाठीला मेण लावून काडीला चिकटवायचा, पायांत ज्वारीच्या धाटाच्या गाभ्याचा हलका गोळा द्यायचा आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांचा डबा फिरवायचा. भुंगेरा पट्ट्यांमागं वळायला लागला, की पायातला गोळा उलटा फिरणार, त्यावरून कळणार. डबा रंगवणं माझ्याकडं होतं. काळ्याला काजळी होती, पण पांढरा चुना पत्र्यावर ठरेना, सुकला की पापुद्रे. प्रोफेसर तर दुसऱ्याच दिवशी येणार. माणिकरावांच्या घरी दसऱ्याच्या सारवणातला गेरू उरला होता. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी वाटीभर दिला. काळ्याशेजारी तांबडा असा खुलला, की माणिकराव म्हणाले, "लय झ्याक दिसायलाय!"

आम्हाला दिसत होता. भुंगेरा तासभर सरळच चालत राहिला. डबा उजवीकडं फिरवला, डावीकडं फिरवला, त्याला काही सोयरसुतक नाही. प्रोफेसरांनी घड्याळ बघितलं आणि गोड बोलून गाडी धरली. त्यानंतर माणिकराव वर्गात नुसतं पुस्तक वाचून दाखवायचे. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेले.

पावसाळ्यात एका जुन्या मासिकात वाचलं, बहुतेक किड्यांना तांबडा रंग दिसतच नाही, काळाच भासतो. लगेच त्याच डब्यावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या डकवल्या, नवा भुंगेरा आणला. डबा फिरताच तो वळला. उलटा फिरवला, तर उलटा वळला. रिकाम्या वर्गात मी ओक्साबोक्शी रडलो.

तसाच चतुराबाईंकडं गेलो. सगळं सांगितलं, गेरूचा दोष तेवढा माझ्या अंगावर घेतला. म्हणालो, "वहिनी, त्या वह्या द्या. मी हैदराबादला पाठवतो."

त्यांनी अंगणातल्या चुलीकडं बघितलं.

"भाऊजी, गेल्या दिवाळीच्या आंघोळीचं पाणी तापवायला त्यांनीच घातल्या की त्या," म्हणाल्या. "मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. तर म्हणले, खोटं कशाला जपायचं?"