उपरण्याखालचा सौदा

माझे दीर सोपानभावजी जन्मापास्नं बहिरे, बोलताही येत न्हाई. पण बैलाच्या अंगावरनं नुसता हात फिरवला की त्याची खोड खुणेनं सांगतील, असा हुशार माणूस. आन आमचं मालक! भावजींचं समदं आपणच करायचं. पावण्यांनी भावजींकडं बघून काय इचारलं, तरी उत्तर ह्यांचंच. माया व्हती, न्हाई कशाला म्हणू? पण मला त्या मायेचा लई राग यायचा.

अठ्ठ्याण्णव साली मालक म्हणाले, "आपल्या माघारी त्याला कोण बघंल? पुण्याला आश्रमात जागा मिळतीया. ठेवून येतो." भावजींना खुणेनं कळलं, तसे दोन दिस जेवले न्हाईत.

मंचरवरनं वृषालीताई यायच्या, अपंगांचं काम करायच्या. त्या म्हणल्या, "त्यांचं काम तुमी करू नका. त्यांना करू द्या." मला पटलं. मालकांना म्हणलं, "बेल्ह्याच्या बैलबाजारात आपला बैल भावजी इकतील. जमलं तर आश्रमाचं नाव काढायचं न्हाई. न्हाई जमलं, तर मीच त्यांची पिशवी भरते." मालक कसेबसे तयार झाले.

बाजारात भिमाजी व्यापारी आला. बैल बघितला आन मालकांकडं वळला, "सुभाषभाऊ, तुमी बोला." मालकांनी तोंड उघडलं, तसं मी कोपर मारलं. भावजींनी उपरणं हातावर टाकून हात म्होरं केला. बेल्ह्यात भाव तोंडानं सांगत न्हाईत. उपरण्याखाली एकमेकाची बोटं दाबून आकडा सांगायचा, बाकी कुणाला पत्ता न्हाई.

भिमाजीनं बोटं दाबली. भावजींनी मान हलवली. भिमाजी निघून गेला. मालक माझ्या कानाशी आले, "गेलं गिऱ्हाईक, आता तरी मला बोलू दे." मी म्हणलं, "गप उभं ऱ्हावा."

तीनदा गेला आन तीनदा आला. शेवटी भिमाजीनंच मान डोलावली. "बोलणारी माणसं घाईनं आपलाच भाव पाडत्यात," तो म्हणला. "ह्यो गडी हटत न्हाई, राव." ह्यांनी घरी धरला व्हता त्याच्यापरीस जास्त भाव भावजींनी मिळवला. माझं डोळं भरलं, लपवलं न्हाई.

तेवढ्यात आमच्याच गावचे गेणभाऊ आपला बैल घेऊन मालकांकडं आले. "सुभाष, तुझ्या भावाला म्हण, आमचाबी सौदा करून दे."

मालक बाजूला सरकून म्हणाले, "मला काय इचारता? कासरा त्याच्या हातात द्या."