हद्दीवरचा पूल

गोंदबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बंदर, रस्ते, रेल्वे आणि वाहतूक पोलीस अशी चार खाती तिने एका टेबलाशी आणून बसवली, आणि बसवली म्हणजे अगदी चिकटवलीच, म्हणून रेल्वेतर्फे तिथे बसणाऱ्या काकांनी चेष्टेत हे नाव ठेवलं. ती स्वतः पालिकेच्या वाहतूक विभागातली. त्या टेबलावर पालिकेला खरं तर कोणी विचारत नव्हतं; चहा तेवढा पालिकेने पाजायचा.

त्याआधीचा कारभार काय सांगावा! बंदर मनाला येईल तेव्हा माल सोडायचं, रस्तेवाले नेमका त्याच दिवशी रस्ता खणायचे, रेल्वे फाटक पाडून बसायची, आणि पोलीस सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत ट्रक शहरातून काढायचे. शहरातून म्हणजे इस्पितळाच्या रस्त्याने. त्याच रस्त्यावर गोंदबाईच्या धाकट्या बहिणीचं घर. कंटेनरच्या मागच्या चाकाखाली धाकटीचा पाय गेला तेव्हा चारही खात्यांनी कानावर हात ठेवले. तिच्या खाटेशी बसून गोंदबाई बोलून गेली होती, "हे ट्रक तुझ्या दारातून हलवले नाहीत तर नाव सांगणार नाही मी." धाकटी गुंगीत होती, पण तेवढं मात्र तिने बरोबर ऐकलं.

चार खाती एकत्र आली खरी, पण आली की भांडायची. याचं फाटक, त्याचा खड्डा, नुसता उखाळ्यापाखाळ्यांचा बाजार. शेवटी गोंदबाईनेच नियम काढला: ज्याची हद्द त्यानेच बोलायचं, थांबा म्हणायचं तर त्यानेच म्हणायचं, दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. झालं! सगळे एकदम गोड वागायला लागले. प्रत्येकाने आपापल्या हद्दीचा नकाशा आणला, तुकडे जोडले, आणि रेल्वेच्या यार्डामागून मालवाहतुकीचा नवा मार्ग आखून झाला. एवढ्या सलोख्यात कोण कशाला कोणाला काय विचारतोय?

आज त्या मार्गाची चाचणी होती. लोखंडी पत्र्याची अजस्र वेटोळी लादलेले सहा ट्रक बंदरातून निघाले होते, आणि बंदराच्याच कचेरीत भिंतीवरच्या पडद्यावर ते ठिपक्यांसारखे सरकताना दिसत होते. एका बाजूला बंदराचे अधिकारी, मधल्या खुर्चीत वरून आलेले सचिवसाहेब. ते समाधानाने उठले की उद्यापासून इस्पितळाचा रस्ता अवजड गाड्यांना बंद होणार होता. नाही उठले, तर ही चार खाती पुन्हा कधी एका खोलीत येतील याची खात्री देव आला तरी देणार नव्हता.

गोदामं मागे पडली. रेल्वेच्या काकांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि शेजारच्या रस्त्यांच्या इंजिनियरला सहज विचारलं, "नाल्याच्या पुलावर तुमची माणसं उभी आहेत ना?"

"आमची?" इंजिनियर हसला. "काका, तो पूल तुमचा."

"छे हो! वर डांबर तुमचं आहे."

"डांबर आमचं, पण बांधला तुम्ही. यार्डात सामान न्यायला. भाराची तपासणी तुम्हीच केली असणार."

काकांचं बिस्कीट चहात पडलं.

गोंदबाईने पडद्याकडे पाहिलं. रेल्वेचा नकाशा पुलाच्या अलीकडे संपत होता, रस्त्यांचा पलीकडे सुरू होत होता, आणि मधल्या जागेवरून कोणीतरी सुबक निळी रेघ ओढून दोन्ही टोकं जोडली होती. कोणीतरी कशाला, तिच्याच विभागाने ओढली होती ती. त्या पुलावरून आजवर हातगाड्या आणि टेम्पोच गेले होते.

"गाड्या थांबवा," ती म्हणाली.

कोपऱ्यात वायरलेस घेऊन बसलेल्या फौजदाराने मान वर केली. "कोणाच्या हद्दीत म्हणून थांबवू, बाई?"

"कोणाच्याही! थांबवा आधी."

"असं कसं? नियम तुमचाच आहे. चालकांनाही तसंच सांगून ठेवलंय. खात्याचं नाव घेतल्याशिवाय ते ब्रेकवर पाय ठेवणार नाहीत."

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. "मी आमचा म्हटलं, तर तपासणी का केली नाही ते मलाच विचारणार. निवृत्तीला आलोय गं मी."

इंजिनियर तर फोनमध्ये तोंड घालून बसला होता. "आमच्या यादीत तो पूलच नाही," एवढंच पुटपुटला.

"काय गडबड आहे?" सचिवसाहेबांनी विचारलं.

अहो, माणसं होती का दगड! सहा चालक तिकडे निवांत गाणी लावून येत होते आणि इथे चार खात्यांची वाचा बसली होती. पहिला ठिपका यार्डाच्या भिंतीला लागला. भिंत संपली की वळण, आणि वळणाला लागूनच पूल.

एक क्षण गोंदबाईलाही वाटलं, जाऊ दे. पेलेलही. जुनी बांधकामं दणकट असतात. सहा ट्रक पलीकडे गेले की साहेब टाळ्या वाजवतील, आणि पूल उद्या तपासता येईल. धाकटी आज सकाळपासून खिडकीत बसली असेल. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती उठली. "पूल पालिकेचा आहे."

"पालिकेचा?" इंजिनियर चक्रावला. "तिथे तुमची हद्दच नाही."

"नाला आमचा. मग त्याच्यावरचं सगळं आमचं. फौजदारसाहेब, पालिकेचा हुकूम, माझ्या नावाने. थांबवा!"

फौजदाराने बटण दाबलं. खरखर झाली, उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा ओरडून सांगितलं. पहिला ठिपका वळणावर आला, वळला, आणि पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. मागचे पाच एकेक करत त्याला येऊन टेकले. काकांनी पुसलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

पुढे व्हायचं तेच झालं. साहेबांनी तिला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. "पूल तुमचा होता तर आधी झोपला होतात का?" ती खाली मान घालून उभी राहिली. तेवढ्यात काका उठले. "साहेब, बांधला आम्ही. लिहून घ्या." इंजिनियर मात्र तडक जीप काढून पुलाखाली गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतला.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तडा नाही, काही नाही. पेललाही असता कदाचित. भार देऊन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि बघायला महिने जातील."

चाचणी रद्द झाली. साहेब चहा न घेताच गेले. अडकलेल्या ट्रकांना मागे घेऊन पोलिसांनी एकुलत्या एक मोकळ्या वाटेने काढलं, इस्पितळाच्या रस्त्याने.

जिन्यात असतानाच धाकटीचा फोन आला. मागे ट्रकांची घरघर इतकी, की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, अगं हे माझ्या दारातूनच चाललेत!"

"मीच पाठवले," गोंदबाई म्हणाली. पुलाचं तिने काहीही न लपवता सांगितलं, आपल्या नियमाचं सांगितलं, पेलला असता कदाचित हेही सांगितलं. शेवटी तिला रडू फुटलं. "शब्द दिला होता गं मी तुला."

पलीकडे फक्त घरघर. एक गाडी गेली, मग दुसरी.

"त्या पहिल्या ट्रकचा चालक," धाकटी म्हणाली, "अगदी पोरगेला आहे. खिडकीतून मला हात केला त्याने."

आणि मग म्हणाली, "बरं केलंस. आता डोळे पूस आणि वर जा परत. ते चौघं पांगायच्या आत."

गोंदबाईने पदराने तोंड पुसलं आणि वर गेली. काका अजून तिथेच बसले होते.