मान तुटलेला सारस

मी पत्र्याचा छापा बोलतोय, कापलेल्या फटींवरून शाई फिरवली की खाली चित्र उठतं तो. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये चाळीस वर्षं तांदळाच्या पोत्यांवर सारस उठवला. शाळा पाहिली नाही आणि गोड बोलता येत नाही. ऐकायचं तर ऐका.

कवडू टिनवाल्यानं मला तेलाच्या डब्यातून कापलं. आधी त्यानं सारसाची कड सलग कापली, तर आतला अख्खा पक्षीच निखळून खाली पडला, नुसतं भोक उरलं! मग दुसऱ्या पत्र्यात, म्हणजे माझ्यात, त्यानं मधेमधे पट्ट्या सोडल्या. त्यामुळे मानेचे तीन तुकडे दिसायला लागले.

मालक मुन्नालालशेठ ओरडले, "अबे, याची गर्दन काऊन तोडली?"

"तोडली नाई शेठ, जोडली हाये. पट्टी नसती तं पक्षी हातात आला असता."

तीच आमची ओळख झाली. थप्प्या वेगवेगळ्या मार्क्यांच्या, आणि हमालांना अक्षर येत नव्हतं. तुटकी मान दिसली की पोतं आमच्या थप्पीवर.

मागच्या महिन्यात शेठची नात चंचल नागपूरहून डिझाइन शिकून आली. शेठ म्हणाले, "नवा मार्का बनव. पहिली गाडी बराबर गेली तर मिलचं छपाईचं काम तुझं. नाही तर बाहेरच्याला देतो."

तिनं सूर्य काढला, धानाची लोंबी काढली, सारसाचं पीस न् पीस रेखाटलं. मशीनवर नवा पत्रा कापून आणला. मी गेलो खिळ्यावर.

गाडी भरायच्या दिवशी पोत्यावर शाई पसरली, पिसं एकात एक गेली. दुर्गाप्रसाद हमाल खांद्यावर पोतं घेऊन थांबला.

"बाई, हे कोन्या थप्पीले टाकू? सारस हाये का उलटी पडलेली कोंबडी?"

सगळे हसले. चंचलचे डोळे भरले. रडायला वेळ नव्हता, गाडी संध्याकाळी निघणार होती. तिनं मला खाली काढलं, पण माझी चोच झिजून बोटभर रुंद झालेली, कड फाटलेली. तिनं कवडूला बोलावलं आणि फोनवर आयबीएम कंपनीच्या नावाची अक्षरं दाखवली, आडव्या पट्ट्यांनी कापलेली.

"बाबा, अमेरिकेच्या पॉल रँड नावाच्या डिझायनरनं केलीत. पन्नास वर्षं झाली, अजून चालतात."

"त्याच्या बी पत्र्यातून अक्षरं पडून राहिली होती का?"

"नाही हो, मुद्दाम तोडली."

"मुद्दाम? कायले?"

"लक्षात राहावी म्हणून."

कवडूनं कोरा पत्रा पुढे ओढला. मग त्यानं बोट ठेवलं तिथं तिथं पट्टी सोडत चंचलनं नवा पत्रा स्वतः कापला. सूर्य गेला, लोंबी गेली, पिसं गेली.

पहिलं पोतं छापलं. दुर्गाप्रसादनं उचललं, एक नजर टाकली आणि सरळ थप्पीवर नेऊन टाकलं.

"काय म्हणाला?" शेठनं विचारलं.

"काहीच नाही," चंचल म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

गाडी वेळेवर गेली, छपाईचं काम चंचलचं झालं. मला आता भंगारात द्या, माझी ना नाही. पण नव्या पत्र्याला कुणी सुधारायला निघालं, तर आधी कवडूला विचारा. अजून जिवंत आहे तो. कमी ऐकू येतं, जरा जोरात बोला.