‘नको’चा चौकोन

दादाची मिशी गेली त्या दिवशी धाकटीचं डोकं फिरलं, आणि ते फिरायलाच हवं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून "अहो, ब्रेक म्हणतोय मी, हॉर्न नव्हे!" असं ओरडून ओरडून अर्धं गाव रस्त्यावर आणलं. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत आणि खोडकरपणा तर दुप्पट.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याच्या टॅबवर एक अ‍ॅप टाकून दिलं. पडद्यावर चौऱ्याऐंशी चौकोन, प्रत्येकात एक चित्र. बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्याने बोलतो. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून फुकट बनवलेलं. आतला सगळा कोड उघडा, कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. ‘देव तुमचं भलं करो’ असं धाकटीने तेव्हा त्यांच्या चर्चेच्या पानावर लिहिलंसुद्धा होतं. आता तो आशीर्वाद परत घेता आला असता तर तिने घेतला असता.

अकरा महिन्यांत दादा डाव्या हाताच्या एका बोटाने बोलायला शिकला. शेवटी शेवटी तो पडद्याकडे बघतही नसे. नजर समोरच्या माणसावर, बोट आपलं चालतंय. ‘पाणी’ खाली डावीकडे, ‘नको’ उजव्या कडेला मधोमध. पुढच्या खोलीत धाकटीचं शिवणाचं दुकान. तिचं मशीन रेंगाळलं की आतून टॅब खणखणीत आवाजात सांगायचा, "गियर. बदल." गिऱ्हाइकं खो खो हसायची.

आणि एका सकाळी नवी आवृत्ती आपणहून टॅबवर येऊन बसली. आता म्हणे जास्त वापरातले चौकोन रोज आपोआप वर सरकणार, बाकीचे मागे जाणार. नाव काय, तर ‘हुशार मांडणी’! अरे, पण विचारलं कुणी होतं तुम्हाला?

त्याच दुपारी न्हावी घरी आला. दाढी करता करता गमतीने म्हणाला, "मास्तर, मिशी पण उडवू का?" दादाचं बोट नेहमीच्या सवयीने उजव्या कडेला गेलं. तिथे त्या दिवशी ‘हो’ येऊन बसला होता. टॅब म्हणाला, "हो." न्हाव्याने वस्तरा फिरवला. दादाने हात झटकेपर्यंत अर्धी मिशी गेली होती, मग उरलेली अर्धीही काढावी लागली.

हसू येतंय ना? धाकटीलाही आधी आलं. मग तिने भावाचे डोळे पाहिले. त्याने टॅब पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस एक शब्द नाही. पाचव्या दिवशी उपचारवाल्या बाई आल्या. "त्यांचं बोट चित्र शोधत नाही हो, जागा शोधतं. ती जागाच हलली. असेच गप्प राहिले तर पुन्हा बोलायचे नाहीत," त्या म्हणाल्या. एकदा आजाराने वाचा नेली, ते नशीब म्हणून सोसलं. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी टापटिपीच्या हौसेने न्यायची? धाकटीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जुनी आवृत्ती मागितली, तर ‘ती सुरक्षित नाही, काढून टाकली.’ तिने चर्चेच्या पानावर लिहिलं, "एकच बटण द्या. चौकोन जागेवर राहू देत, एवढंच. बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ."

तिथे सगळे टोपणनावांनी वावरतात. प्रमुखाच्या नावापुढे बेडकाचं चित्र, म्हणून तो बेडूक. मांडणी करणाऱ्याच्या नावापुढे नुसता चष्मा, तो चष्मेवाला. चष्मेवाल्याने लिहिलं, "ताई, एकेक सेटिंग वाढवत गेलो की गोंधळ वाढतो. चांगल्या मांडणीला बटणांच्या कुबड्या लागत नाहीत." कुबड्या! कुणाला सांगतोय, याचं तरी भान ठेव! बेडूक म्हणाला, "कोणता चौकोन कितीदा दाबला, याचे आकडे आमच्याकडे येतात. लोकांचा वापर वाढलाय. एका घरच्या अनुभवावरून निर्णय फिरवता येत नाही." आणि तिसरा कुणी उपटसुंभ म्हणाला, "पटत नसेल तर कोड उघडा आहे, स्वतःची आवृत्ती बनवा की."

धाकटीने मशीन बंद केलं आणि उभ्या उभ्या उत्तर टाईप केलं. "मी कपडे शिवते. गिऱ्हाइकाला बाही काचली आणि ‘कापड बाजारात मिळतं, स्वतः शिवून घ्या’ असं मी म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागेल. फुकट देता म्हणून काय माणसाच्या तोंडातला शब्द हलवायचा परवाना मिळाला तुम्हाला?"

यावर बेडकाने मोठ्या मनाने कळवलं, की रविवारी सगळ्यांची ऑनलाइन सभा आहे. वापरणाऱ्याने स्वतः यावं, स्वतः बोलावं. प्रत्येक हरकतीला दोन मिनिटं.

धाकटीने दादाला दोन दिवस मनवलं. रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि टॅब सुलटा केला. समोर लॅपटॉपवर तीसेक चेहरे. बेडूक म्हणजे चांगला शांत, गोड बोलणारा गृहस्थ निघाला. "या दादा, बोला. बाकीच्यांचे माइक मी बंद ठेवतो." कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं.

दादाचं बोट फिरू लागलं. वरची ओळ, खालची ओळ, पुन्हा वरची. घामाने बोट पडद्यावर घसरत होतं. बऱ्याच वेळाने टॅब बोलला, "मला." आणखी शोध. "हे." पुढचा शब्द काही सापडेना. ‘हवं’ दिसलं, ‘आवडतं’ दिसलं, ‘नको’ कुठे गेला देव जाणे. धाकटीला तो दिसला, चौथ्या ओळीत, पण दादाने तिचा हात बाजूला सारला. त्याला स्वतःच म्हणायचं होतं.

घड्याळ वाजलं.

"मला हे... आवडलं, असंच ना दादा?" बेडूक कौतुकाने म्हणाला. "वा! नवीन मांडणीवर तुम्ही बोलून दाखवलंत. आम्हा सगळ्यांना फार प्रेरणा मिळाली."

तीस चौकटींत टाळ्यांची चित्रं उडाली. धाकटी जिवाच्या आकांताने ओरडत होती, "अहो, थांबा! त्याचं संपलेलं नाही अजून!" पण माइक बेडकाच्या हातात; वेळ संपताच त्याने यांचाही बंद केला होता. हुशार मांडणी कायम ठेवायचा ठराव पास झाला आणि पडदा काळा झाला.

दादा अजून शोधतच होता. आणखी मिनिटभराने त्या काळ्या पडद्यासमोर टॅब म्हणाला, "नको."

धाकटी लॅपटॉपवर डोकं टेकून रडली. दादा रडला नाही. तो त्या चौकोनावर बोट आपटतच राहिला. "नको. नको. नको. नको." पहिल्यांदा तिला वाटलं, भावाचं डोकं गेलं. मग त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जास्त दाबलेला शब्द वर सरकतो ना? दाबा मग!

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘नको’ सगळ्यात वर, पहिल्या घरात होता.

तेव्हापासून रोज चहा व्हायच्या आत दादा तीनशे वेळा ‘नको’ दाबतो. आकडा चुकला की दुसरा एखादा शब्द वर घुसतो, म्हणून धाकटी शर्टांना बटणं लावता लावता मोजते. बोटाच्या टोकाला घट्टा पडलाय. बाकीचे त्र्याऐंशी शब्द अजून भटकतातच. त्यांच्यासाठी दिवस पुरणार नाही. जिथे अख्खी बाराखडी होती, तिथे एका शब्दाच्या पहाऱ्यावर माणूस बसलाय. हा न्याय म्हणायचा?

महिन्याभराने बेडकाने आकडे टाकले. "नवीन मांडणी लोकांनी मनापासून स्वीकारली आहे. एका वापरकर्त्याने तर एका महिन्यात एकच बटण नऊ हजार वेळा दाबलं!" खाली पुन्हा टाळ्यांची रांग.

धाकटीने कात्री खाली ठेवली आणि त्या टाळ्यांखाली लिहिलं, "तो माझा भाऊ. कोणतं बटण, तेही जरा बघा."