अर्धी ओळ

कोंढ्याच्या शिवारात भाताच्या लावणीचा रोवणा लागला की जिजाचं गाणं पार पवनीच्या सडकेपर्यंत ऐकू जातं, असं तिचा नवरा धनीराम सांगायचा. धनीराम जरा फुगवूनच सांगे, पण गाण्यात ती पुढारीण होती हे खरं. धान रोवताना पुढारणीने अर्धी ओळ सोडायची आणि समोरच्या बाईने ती पुरी करायची, ही तिकडची रीत. ओळ अधांतरी ठेवणारीला बाया दिवसभर चिडवून हैराण करतात.

यंदा मात्र पहिल्याच दिवशी जिजा सुनेला म्हणाली, "ज्योत्सना, माह्या जागी तूच गाय. मी नुसता रोवणा करीन."

पोर हरखली. खरं कारण तिला कुठून कळणार! मागच्या पावसाळ्यात जिजाच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, होळीनंतर नागपूरला छातीवर किरणांचे शेक घेऊन झाले. आता महिनाभर कोरडा खोकला होता, धानाच्या बांधीच्या पाळीवर, त्या हातभर उंच बांधावर, चढतानाही धाप लागायची. 'असं झालं तर लगेच या,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिजाने त्याचा एकच अर्थ लावला, रोग छातीत उतरला. तिच्या आजारपणात मागच्या साली निम्म्या बांध्या पडीक राहिल्या होत्या. यंदा रोवणा आटपू दे, मग पाहू, असं ती मनाला सांगे. खरं तर ती भ्यायली होती. गोठ्यात जायचं, तोंडात पदर कोंबायचा आणि खोकून घ्यायचं, एवढंच तिला सुचत होतं.

चौथ्या दिवशी ज्योत्सनाने ओळ उचलली, "माह्या माहेराच्या वाटी गं..." आणि समोरच्या मनकर्णाबाईकडे न बघता सरळ सासूकडे वळून गप्प झाली. सगळ्या बाया थांबल्या. तीस वर्षांची सवय, जिजाच्या तोंडून आपसूक निघालं, "दोन मोहाची..."

पुढचा शब्द खोकल्याने गिळला. ती चिखलात मटकन बसली.

धनीराम पाळीवरून धावत आला. "काहून सांगतलं नाही वो?" तो ओरडला नाही, त्याचंच जिजाला जास्त लागलं. "बांध्या पडू दे पडीक. मले तू पायजे."

दुसऱ्या दिवशी रोवायच्या रोपांचे पऱ्हे तसेच सोडून, सकाळच्या एसटीने दोघं नागपूरला गेली. डॉक्टर छातीचे फोटो बघत होते तोवर जिजाने बाकाची कड सोडली नाही.

"कॅन्सर परत आलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "शेकामुळे फुप्फुसाला सूज आली आहे. गोळ्यांनी उतरेल. त्या हळूहळू कमी करू, मनाने बंद करायच्या नाहीत. आणि पुन्हा असं लपवायचं नाही."

जिजाला पहिलंच वाक्य ऐकू आलं. पुढचं धनीरामने दोनदा वदवून घेतलं आणि दुपट्ट्याने डोळे पुसले.

परतीच्या एसटीला ज्योत्सना फाट्यावर येऊन उभी होती. जिजा खाली उतरली, दम घेतला आणि म्हणाली, "ओळ मुद्दाम सोडली न तू?"

"हो. घरी पुसलं असतं तं तुम्ही खोटं बोलल्या असत्या." ज्योत्सनाने सासूच्या हातातली पिशवी घेतली. "चार दिवस बाजूले उभी राहून तुमची धाप ऐकून राहिली होती, आई. अन् मले वाटलं होतं, तुम्ही गाणं मले देलं."

जिजाला लाज वाटली, माया आली आणि रडूही आलं. तिने सुनेचा हात धरला.

"आता देलं. पण ते ओळ पहिले पुरी कर."

आणि ज्योत्सनाने तिथेच, फाट्यावरच्या चार माणसांदेखत, बारीक आवाजात म्हटलं, "दोन मोहाची झाडं गं."