डोळे आले नव्हते

मार्चअखेरच्या एका मंगळवारी सकाळी कोकिळाबाईंनी सिंदीहून लेकीला फोन केला. डोळे आता बरे वाटतात, येऊ का, म्हणाल्या. वर्ध्याच्या घरी अंकिता बाळाचे लंगोट वाळत घालत होती. लाली गेली का, तिनं विचारलं. थोडी आहे, आई म्हणाली. मग गेल्यावर ये, असं सांगून अंकितानं फोन ठेवला आणि उरलेले लंगोट झटकले. बाळ एकवीस दिवसांचं झालं होतं. आईचे डोळे आले म्हणून बाळंतपण माहेराऐवजी सासरीच उरकलं होतं. आजीनं नात पाहिली ती मोबाइलमध्ये. तसं त्याआधीही आईला वर्ध्याला बोलवायचं राहूनच जायचं.

कोकिळाबाई बारा हंगाम कापसाच्या एका जिनिंगमध्ये रुईतला कचरा वेचत होत्या. उडणारी रुई डोळ्यांत जायची, डोळे लाल व्हायचे. लाल डोळ्याचा सगळ्या गावात एकच अर्थ होता, डोळे आले. मुकादम तानबानं त्यांना बायांच्या रांगेच्या टोकाला बसवलं. अंकिताच्या नानाजीमामानं उपाय सांगितला, पदराचा बोळा करायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि डोळ्यावर दाबून चोळायचं. घरात पुस्तकांचं कपाट असलेल्या अंकितानंही फोनवर तेच सांगितलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी कोकिळाबाई कोणाला न सांगता वर्ध्याला येऊन गेल्या. संध्याकाळी सिंदीला गाडीतून उतरून, मावळतीचं ऊन समोर घेऊन रस्ता ओलांडताना ट्रॅक्टरखाली सापडल्या.

त्यांच्या पिशवीत थेंबांची बाटली आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद निघाला. संसर्ग नाही, असं त्यावर होतं. खाली वेगळ्या ओळीत, बाळाजवळ जाण्यास हरकत नाही. ही ओळ आईनं मुद्दाम लिहून घेतलेली होती, हे अंकिताला कोणी सांगायची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी ती कागद घेऊन त्या डॉक्टरकडे गेली. दवाखाना तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. डॉक्टरनं शांतपणे समजावलं. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. धुळीनं तो विरला की पापणी प्रत्येक उघडझापीला कोरड्यावर घासते, दिवसातून हजारो वेळा. घासल्या गेलेल्या पेशी मदतीला बोलावणं धाडतात, रक्त धावून येतं, डोळा लाल होतो, सुजतो. सूज राहिली की अश्रू आणखी आटतात आणि घासणं वाढतं. त्यात या रोज चोळत होत्या. जंतू नव्हताच. उन्हात डोळे उघडत नव्हते, म्हणून सोबत कोण आहे, असं त्यानं विचारलं होतं.

"लेक खाली उभी आहे म्हणाल्या," डॉक्टर म्हणाला. "तुम्हीच ना?"

अंकितानं हो म्हटलं. जिना उतरताना तिला त्या डॉक्टरचा राग आला, तानबाचा आला, मामाचा आला. घरी पोचेपर्यंत त्यातला एकही राग टिकला नाही. उरला तो कोणावर होता, हे तिला ठाऊक होतं.

तेरवीला सिंदीच्या अंगणात जेवणं आटोपली होती. सासरची माणसं खुर्च्यांवर होती, जिनिंगच्या बाया खाली सतरंजीवर. नानाजीमामा सुपारी कातरत म्हणाला, "आलेले डोळे घेऊन काऊन हिंडाले गेली कोकिळा? घरी बसली असती तं आज जिवंत राह्यली असती." तानबानं मान डोलावली.

"मामा, तिचे डोळे आले नव्हते," अंकिता म्हणाली. आवाज चढला नव्हता. सासूबाईंनी बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"तसा कागद आणाले गेलती ती. माह्यासाठी," अंकितानं सांगितलं.

"मंग तुह्याकडं काऊन नाई आली?" मामानं विचारलं.

अंकिता आईच्या फोटोकडे वळली.

"कागद घेऊन आली असती तरी मी दुसरं कारण काढलं असतं, आई. डोळ्याइचं नव्हतंच ते. रुई लागलेल्या लुगड्यात तू या सासरच्यांसमोर येशील, याची मले लाज वाटत होती."