धाकट्यांस झेपणार नाही

सरलाबाईंनी विद्युल्लतेला वर्गाबाहेर बोलावलं तेव्हा सगळ्या मुलींना वाटलं, आता हिची काही धडगत नाही. चौदा वर्षांची विद्युल्लता म्हणजे देवासच्या मुलींच्या शाळेतली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बडबडी मुलगी. मोठ्या बाईंचं बोलावणं आलं म्हणजे ते बडबडीबद्दलच असणार! पण ती परत आली ती नाक वर करून, आणि मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जी झुंबड उडाली ती विचारू नका.

"मला बायस्कोप बघायला जायचंय," ती म्हणाली. "आणि बघून ठरवायचंय."

"काय ठरवायचंय?"

"तुम्हाला तो दाखवायचा की नाही ते!"

इंदूरहून उमाशंकर नावाचा माणूस हलत्या चित्रांचं यंत्र घेऊन आला होता. बाजारातल्या एका रिकाम्या कापसाच्या गोदामाला त्यानं आतून काळी कापडं ठोकली होती, त्यामुळे तिथे भर दुपारी मिट्ट काळोख. चित्र होतं एका राक्षसाचं. तो विहिरीतून वर येतो आणि लहान मुलीला पळवून नेतो. शनिवारी गावातल्या सगळ्या शाळांतल्या मुलांना आपण खेळ दाखवू, असं उमाशंकरचं म्हणणं होतं. पण सरलाबाईंच्या मनात धाकधूक होती. मागच्या वर्षी नुसत्या काचेवरच्या, न हलणाऱ्या चित्रांतला सिंह बघून बालवर्गातली दोन मुलं तापानं फणफणली होती.

"मग तुम्हीच बघा ना बाई," विद्युल्लता म्हणाली होती.

"बघणार आहेच. पण मला आता कशाचीच भीती वाटत नाही गं, आणि लहानपणी कशाची वाटायची ते आठवतही नाही. तुला अजून आठवत असेल. तू बघ, आणि दोन ओळी लिहून दे. मी सही करीन."

सुट्टी संपता संपता बालवर्गातली मालन तिच्या परकराला लोंबकळली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. "ताई, मी बघू ना लाक्षस?"

"ते मी ठरवीन!" विद्युल्लता म्हणाली, आणि ते म्हणताना तिला काय छान वाटलं!

घरी मात्र वडिलांनी, मोरोपंतांनी, आनंदाला जरा लगाम घातला. ते कचेरीत कारकून होते. "जा. पण ध्यानात ठेव, तुला पुढे शिकवायचं हे मी आत्या, काका, सगळ्यांशी भांडून ठरवलंय. या शाळेपायी उद्या कचेरीत कुणी माझ्याकडे बोट दाखवलं, तर त्याच दिवशी तुझं दप्तर माळ्यावर जाईल."

"नाही दाखवणार हो कुणी, बाबा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरलाबाईंच्या शेजारी गोदामात बसली. उमाशंकर यंत्राचा दांडा फिरवू लागला, खर्र खर्र आवाज सुरू झाला, आणि विहिरीतून राक्षस वर आला. डोळ्यांभोवती पांढरा रंग फासलेला, तोंडात मुळ्याएवढाले दात. चालताना एक दात निसटला तेव्हा त्यानं तो हातानं परत बसवला! विद्युल्लता खो खो हसली.

"देखा बेनजी?" उमाशंकर खूश होऊन म्हणाला. "बच्चे तो हँस-हँस के लोटपोट हो जाएँगे!"

पण मग पुढचा भाग आला. मुलगी दिसेनाशी झाल्यावर तिची आई विहिरीच्या काठावर येते. हाका मारते. चित्राला आवाज नाही, त्यामुळे नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं, उघडतं आणि मिटतं. वर आई, खाली काळोखात मुलगी. मुलीला आई दिसते, पण तिचं उत्तर आईला ऐकू येत नाही. किती वेळ हे चाललं देव जाणे. विद्युल्लतेनं नकळत सरलाबाईंचा हात धरला होता. तिला एकदम आठवलं, पाच वर्षांची असताना ती नालछा गावच्या बाजारात हरवली होती. बाबांचं पागोटं गर्दीपलीकडे दिसत होतं, ती ओरडत होती, आणि ते पागोटं काही वळत नव्हतं.

शेवटी आईला मुलगी सापडली, राक्षस मेला, सगळं गोड झालं. पण मालन तिथवर पोचणार कशी? तिचा जीव मधल्या विहिरीतच अडकून राहील.

बाहेर येऊन विद्युल्लतेनं ओसरीवर बैठक मारली आणि एका दमात लिहून काढलं:

"हा खेळ थोरल्यांनी खुशाल पाहावा. धाकट्यांस मात्र तो झेपणार नाही. धाकटी फार लवकर घाबरतात व मग रडू लागतात."

सरलाबाईंचं मन अजून त्या चित्रातल्या आईपाशीच होतं. त्यांनी एकदा वाचलं, पुण्याकडच्या त्या, त्यांना काही खटकलं नाही. विद्युल्लतेच्या नावाखाली सही केली. उमाशंकरला मराठी वाचता येत नव्हतं. शाळेचा कागद आला म्हणजे शोभा वाढली, असं समजून त्यानं तो गोदामाच्या दारावर डकवून दिला.

आता देवासात राहणाऱ्याला पुढचं सांगायलाच नको. बाहेरच्यांसाठी सांगते: देवास गाव एक, पण राज्यं दोन. बाजारातल्या रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचा अंमल, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचा. थोरल्यांचे शिपाई वेगळे, धाकट्यांचे वेगळे. थोरल्यांची कचेरी वेगळी, धाकट्यांची वेगळी. आणि गोदाम होतं बरोबर त्या रस्त्यावर, थोरल्यांच्या अंगाला, तोंड धाकट्यांकडे करून!

संध्याकाळी मोरोपंत घरी आले ते पागोटंसुद्धा न उतरवता ओरडले, "विजू! तो कागद कुणी लिहिला?"

"मी! वाचलात?"

"मी वाचला, सगळ्या धाकट्या पातीनं वाचला! धाकटी लवकर घाबरतात? रडू लागतात? आमच्या साहेबांनी, नारायणरावांनी, भर कचेरीत मला उभं करून विचारलं, 'काय मोरोपंत, धाकट्यांचं मीठ खाता आणि घरातली पोर थोरल्यांच्या दारावर हे लिहिते?'"

विद्युल्लतेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो बाबा, धाकटी म्हणजे मालन! म्हणजे... लहान मुलं!"

"ते तुला ठाऊक. उद्या नारायणराव गोदामात येणार आहेत. तू तो कागद फाडायचास आणि दुसरा लिहायचास, की खेळ सर्वांनी पाहावा, कुणी घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मिटला विषय. नाहीतर शाळा मिटली."

रात्री जेवणावर तिची वासना नव्हती. एक ओळ लिहायची, झालं! शाळा वाचली, बाबांची मान वर झाली, उमाशंकर खूश, मालनसुद्धा खूश. शनिवार दुपारपर्यंत खूश. आणि मग काळोखात ती ताईचा हात शोधणार.

दुसऱ्या दिवशी गोदामापाशी नारायणराव आधीच उभे होते. भरघोस पांढऱ्या मिशा, हातात काठी. मागे चार-पाच धाकटे लोक, बाजूला गोदामाच्या भिंतीला टेकून मजा बघणारे थोरले. उमाशंकर हात जोडून सगळ्यांना विचारत होता, "पर हुआ क्या भिया? कोई बताओ तो सही!"

"ही का ती?" नारायणराव म्हणाले. "काय गं, आम्ही रडतो?"

विद्युल्लतेनं वाकून नमस्कार केला. मग कागद दारावरून काढला. मोरोपंतांनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो जरा लवकरच सोडला.

"काका, शब्द माझा चुकला. मी धाकट्याच पातीची असून मला सुचू नये, म्हणजे कमाल आहे. पण मी बालवर्गातल्या मुलांबद्दल लिहिलं होतं. शब्द बदलते. मत नाही बदलत. लहान मुलांनी हा खेळ बघू नये."

"विजू!" मोरोपंत दबक्या आवाजात म्हणाले.

"थांबा मोरोपंत. माझी पाच वर्षांची नात, सुमंगला, आजोळी आलीय. शनिवारी तिला इथे आणायचं वचन देऊन बसलोय मी, तेही 'आपण धाकटे कुणाला भीत नाही' असं सांगून." नारायणरावांनी काठी दाराकडे केली. "दाखव रे तुझा राक्षस."

ते एकटेच पुढे बसले. मागे मोरोपंत, विद्युल्लता आणि हळूच आत शिरलेले दोन्हीकडचे लोक. राक्षस आला, दात पडला, नारायणराव गडगडाटी हसले. "हा? याला घाबरायचं?" थोरलेही हसले, धाकटेही हसले.

मग आई विहिरीवर आली. तोंड उघडू-मिटू लागलं. हसणं थांबलं. खर्र खर्र एवढाच आवाज. नारायणरावांची काठी हातातून सुटून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

खेळ संपल्यावर ते उन्हात येऊन बराच वेळ मिशा चोळत राहिले.

"ती पोर ओ देतेय," ते शेवटी म्हणाले, "आणि आईला ऐकूच येत नाही."

"विहीर खोल असते ना, काका."

"ते मला कळतं गं! माझं वय साठ आहे! पण एवढ्याशा लेकराला कसं कळायचं?"

"तेच तर लिहिलं होतं मी!"

नारायणरावांनी तिच्याकडे बघितलं, मग मोरोपंतांकडे. आणि असे हसले, असे हसले, की भिंतीपाशी उभे असलेले थोरलेसुद्धा कारण न कळता हसू लागले. "मोरोपंत, तुमच्या पोरीचा एक शब्द चुकला, पण मत पक्कं आहे. आणा दौत. लिही गं: सात वर्षांखालील मुलांस हा खेळ दाखवू नये, मग ती कुठल्याही पातीची असोत."

"और छोटे बच्चे?" उमाशंकर रडवेला झाला.

"त्यांच्यासाठी दुसरं काही नाही का तुमच्याकडे?" विद्युल्लतेनं विचारलं.

"है ना! हाथी नहाता है, सूँड से पानी उड़ाता है।"

"मग मालनला हत्ती!"

घरी जाताना मोरोपंत चार पावलं पुढे चालत होते. विद्युल्लता त्यांच्या पाठीकडे बघत चालली होती. वळणावर ते थांबले, मागे वळले आणि ती जवळ येईपर्यंत उभे राहिले.

"पुढल्या वेळी शाळेसाठी काही लिहिलंस," ते म्हणाले, "तर आधी मला दाखवत जा."

पुढल्या वेळी! शाळेसाठी! विद्युल्लतेनं भर रस्त्यात अशी उडी मारली, की समोरून येणारा टांगेवाला ओरडला, "ए बई, जरा देख के!"